डाव्या हाताची घडी

त्या गल्लीत एक पुस्तक तयार व्हायला तीन घरं लागत. छापखान्यातून आलेले मोठाले कागद आधी थोरल्याच्या घरी, तळमजल्यावर उतरत. तिथे त्यांच्या घड्या पडत. एका कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. या सोळा पानांच्या जुडीला बांधणीवाले फर्मा म्हणतात. फर्मे एकावर एक क्रमाने लावले की गठ्ठा जिना चढून मधल्याच्या घरी जाई आणि तिथे सुईदोऱ्याने शिवला जाई. शिवलेली पुस्तकं मग रस्ता ओलांडून धाकट्याच्या दुकानात पोचत. तिथे कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. तिघे भाऊ, तिघी जावा, आणि गल्लीच्या तोंडी त्यांची नावं थोरली, मधली, धाकटी अशीच. खरी नावं फक्त टपालवाल्याला ठाऊक.

रविवारी सकाळी मधलीच्या मुलीच्या पोटावर पुटकुळ्या दिसल्या आणि पुस्तकाची ही वाट मधेच तुटली.

मुलगी सात वर्षांची. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. दुपारपर्यंत पुटकुळ्या पाठीवर गेल्या, संध्याकाळी डोक्यात केसांच्या मुळाशी हाताला लागू लागल्या. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, कांजिण्या. नखं कापा, खाजवू देऊ नका, गुलाबी औषध लावा आणि घाबरू नका. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं की गेल्या दोन-तीन दिवसांत मुलगी कुणा गरोदर बाईजवळ गेली होती का. कारण हे दुखणं मोठं लबाड असतं. अंगावर दिसायच्या आधीच ते दुसऱ्याला लागायला सुरुवात झालेली असते.

मधलीने आठवून पाहिलं. धाकटीला पाचवा महिना होता. याआधी दोनदा तिची आशा मोडली होती, म्हणून या वेळी तिने फक्त बसायचं आणि निजायचं, असा थोरलीचा हुकूम होता. मुंगी जवळ असली की दोघींच्या गप्पांना अंत नसे, म्हणून मुंगीला त्या घरी जायची बंदी झाली होती.

"नाही, कोणाजवळ नाही," मधली म्हणाली.

बातमी जिन्यावरून खाली गेली आणि नातेवाईक जिन्यावरून वर यायचे थांबले.

सगळ्यात आधी गेला तो मधलीचा नवराच. लहानपणी थोरल्याला आणि धाकट्याला कांजिण्या आल्या, तेव्हा हा मामाकडे होता आणि तेवढ्यापुरता सुटला होता. त्याने उशी काखेत मारली आणि कोपऱ्यावरच्या कागदाच्या गोदामात मुक्काम हलवला. जाताना मुलीला दारातूनच म्हणाला की बाबा पहारा द्यायला चाललेत. मुंगीने विचारलं, कोणावर? तोवर तो जिना उतरायला लागला होता.

मुंगीची आत्या सोमवारी आली. तिने चित्रं रंगवायची वही दाराशी ठेवली, घंटी वाजवली, आणि मधलीने कडी काढेपर्यंत ती खालच्या पायरीवर पोचली होती. तिथून तिने ओरडून प्रेम पाठवलं. मावशीचा फोन आला की तिची यायची फार इच्छा होती पण गुडघा दुखतोय. गेल्या महिन्यात त्याच गुडघ्याने ती डोंगर चढून आली होती, पण मधलीने ते काढलं नाही. थोरले भावजी तर मधलीशी फोनवर बोलतानाही नाकाला रुमाल लावत. त्यांना कांजिण्या येऊन गेलेल्या होत्या, गालावर खड्डाही होता, तरी रुमाल. खिडकीतून ते दृश्य पाहून आजारी मुंगी पहिल्यांदा हसली.

थोरलीने सगळ्यांसाठी नियम केले. मधलीच्या खिडकीतून दोरीने टोपली सोडायची. फर्मे टोपलीतून वर जातील, शिवलेली पुस्तकं टोपलीतून खाली येतील. खाली आलेल्या मालाला कोणी हात लावायचा नाही. काठीने सरकवून तो आधी भिंतीवर उन्हात ठेवायचा. उन्हात कागद वाकडा होतो हे तिला इतर कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. धाकट्याच्या कापायच्या यंत्राखाली ती वाकडी पुस्तकं सरळ बसेनात, आणि तो दिवसभर पुटपुटत राहिला की यापेक्षा मलाच कांजिण्या परत आल्या तर बरं.

मधलीला राग आला नाही असं नाही. पण तो तिने कोणावर धरला नाही, कारण हे सगळं कोणासाठी चाललंय ते तिला माहीत होतं. थोरली जाताना-येताना वर बघून एकच वाक्य म्हणे, "अगं, माझ्यासाठी नाही हो, तिच्यासाठी." आणि ते खरं होतं. दोघीही जावा धाकटीच्या पोटाकडे बघायच्या त्या श्वास रोखूनच.

तर असं चाललेलं असताना बुधवारी दुपारी मधली फर्मे लावायला बसली. हे काम एरवी थोरलीचं. पण टोपलीतल्या देवघेवीचा तिला इतका धसका होता की जितका कमी हात लागेल तितकं बरं म्हणून तिने फर्मे लावायचं कामही वर पाठवून दिलं होतं. त्यामुळे या वेळचे फर्मे तिच्या नजरेखालून गेलेच नव्हते. धाकटीने घरी बसल्या बसल्या ज्या घड्या घातल्या होत्या, तो गठ्ठा धाकट्याने परस्पर टोपलीत टाकला होता.

पुस्तक पहिलीच्या मुलांचं, अंकांचं. एका पानावर एक बदक, दुसऱ्यावर दोन छत्र्या. मधली एकेक फर्मा उचलत होती, टेबलावर आपटून काठ जुळवत होती, आणि तिचा हात मधेच थांबला.

घडी घालणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. आपण कागद दुमडतो, मग लाकडी पट्टी दाबून आपल्यापासून लांब ओढतो. उजव्या हाताने ओढली तर कागदाचा उरलासुरला फुगवटा एका कोपऱ्यात जमतो, डाव्या हाताने ओढली तर दुसऱ्या. फरक नखाएवढाही नसतो, पण दिवसभर हेच करणाऱ्याच्या बोटांना तो कळतो. मधलीच्या बोटांखाली वरचे फर्मे धाकटीचे होते, नीटस, जरा सैल. खालचे वेगळे होते. त्यांचा फुगवटा भलत्याच कोपऱ्यात होता. शिवाय दाब कमी, जसा लहान मनगटाचा असतो. तिन्ही घरांत मिळून डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते पलंगावर पडून छतावरचे डाग मोजत होतं.

मधलीने फर्मा मुंगीसमोर धरला. "हा कोणी दुमडला गं?"

मुंगीने तोंड पांघरुणात घातलं. पांघरुणातून आवाज आला, "काकूने शपथ घातलीय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी आई शिवणीत गुंतलेली असताना मुंगी मागच्या दाराने धाकटीकडे गेली होती. धाकटी बसून बसून कंटाळली होती, बोटं सुजली होती, आणि संध्याकाळपर्यंत घड्या पुऱ्या करायच्या होत्या. मुंगी म्हणाली, मी घालते. छापील कागदाला मुलांनी बोट लावायचं नाही हा थोरलीचा कायदा; पण थोरली तिथे नव्हती. मुंगीने घड्या घातल्या. दमल्यावर काकूच्या मांडीवर डोकं ठेवलं, कान पोटाला लावला, आणि बाळ आत काय करतंय ते ऐकत तिथेच झोपली. काकू म्हणाली होती, तुझं अंग किती गरम लागतंय. आणि निघताना म्हणाली होती, कोणाला सांगू नकोस, नाहीतर आपल्या दोघींची धडगत नाही.

मधलीने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. त्या बाईंना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का ते विचारा. येऊन गेल्या असतील तर प्रश्नच नाही. माहीत नसेल तर आजच पाठवा. रक्त तपासू, आणि लागलं तर इंजेक्शन देऊ. ते जितकं लवकर तितकं बरं, उशिरा दिलं तर त्याचा उपयोग राहत नाही.

मग तिने नवऱ्याला फोन केला. तो गोदामात कागदाच्या रिमांवर आडवा झाला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"गप्प बस," तो म्हणाला. "लागायचं असेल तर ते लागून गेलंय. नसेल लागलं तर तू फुकट आगीत तेल ओतशील. आणि उद्या त्या पोराला काही झालं ना, तर जन्मभर आपल्या मुंगीच्या नावाने बोटं मोडतील सगळे. आज कोणाला काही माहीत नाही. माहीत नाही तेच बरं."

मधलीने फोन ठेवला. तो जे म्हणाला ते मूर्खपणाचं नव्हतं, हीच अडचण होती. तिला ते स्पष्ट दिसत होतं: मुंगी दहा वर्षांची, पंधरा वर्षांची, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिच्याकडे बघून गप्प होतंय. तिने सुईतला दोरा काढला, परत ओवला. मग सुई टेबलात टोचून ठेवली आणि धाकटीला फोन लावला. फोन बंद होता. दुपारी धाकटीने झोपायचं आणि फोन बंद ठेवायचा, हाही थोरलीचाच नियम. धाकटा गावाबाहेर पुठ्ठा आणायला गेलेला.

उरला तो जिना.

मधलीने तो अजून न शिवलेला गठ्ठा उचलला. तिला स्वतःला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे तिच्यापासून कोणाला धोका नव्हता. हे तिने रविवारपासून सगळ्यांना सांगितलं होतं आणि कोणाचाही त्यावर विश्वास बसला नव्हता. मुंगी पलंगावर उठून बसली. आई कुठे निघाली ते तिला कळलं.

"मी शपथ मोडली," ती म्हणाली.

"तू नाही मोडलीस. मी मोडतेय."

मुंगीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रस्त्याच्या मधोमध उभं राहून मधलीने दुकानावरच्या धाकटीच्या गॅलरीकडे बघत हाक मारली. पहिल्या हाकेला धाकटी आली नाही, थोरली मात्र तळमजल्याच्या दारात आली.

"अगं, वर जा आधी," थोरली म्हणाली. "लाज वाटत नाही का, तिच्या दारात येतेस ती?"

"ताई, मी दारात आले नाही. रस्त्यात उभी आहे. तिला उठवायला हवं."

तोवर धाकटी डोळे चोळत गॅलरीत आली. मधलीने मान वर केली आणि सरळ सांगितलं. मुंगी शनिवारी दिवसभर तिच्याजवळ होती, तिच्या मांडीवर झोपली होती, तेव्हा तिला ताप होता. आता डॉक्टरांनी आजच्या आज बोलावलंय.

धाकटी थोरलीकडे बघत होती. तिचा हात कठड्यावर घट्ट बसला.

"नाही आली ती," ती म्हणाली. "शनिवारी माझ्याकडे कोणीच नव्हतं. मी एकटीच घड्या घालत होते."

कोपऱ्यावरचा चहावाला कप धुवायचा थांबला होता. थोरले भावजी रुमाल शोधत बाहेर आले. थोरलीने एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा मधलीकडे.

"ती नाही म्हणतेय," ती म्हणाली. "आजारी पोरीने तापात काही बडबडलं असेल. तू जा वर."

"ताई, मुंगीचं सोडा," मधली म्हणाली. "माझंही सोडा. हे तिने पाठवलेले फर्मे. तुम्ही बघा, आणि मग सांगा ही घडी कोणाची. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

तिने गठ्ठा पुढे केला. गठ्ठा वरच्या घरातून आलेला, कांजिण्यांच्या खोलीत पडलेला. काठी थोरलीच्या दाराशी टेकून ठेवलेली होती. पण काठीने घडी कळत नाही. घडी बोटांनाच कळते.

थोरलीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या की नाही हे तिला आठवत नव्हतं. ती सहा भावंडांतली, कोणाला काय झालं याचा हिशोब तिच्या आईने ठेवला नव्हता. रविवारपासून तिने त्या घरातल्या एका कागदालाही हात लावला नव्हता. ती गठ्ठ्याकडे बघत राहिली. भावजी मागून म्हणाले, "अगं, राहू दे." तिने ऐकलं नाही. पदराला हात पुसले, जसे ती कामाला बसण्याआधी पुसायची, आणि गठ्ठा घेतला.

तिने वरचा फर्मा चाळला, मग खालचा. अंगठा घडीवरून एकदा फिरवला. परत फिरवला. दोन छत्र्यांचं पान उलटून कोपरा दाबून पाहिला.

"डाव्या हाताची आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, जणू कामाबद्दलच बोलतेय अशा आवाजात, "पोरीने घातलीय मात्र सरळ."

वर धाकटी रडत नव्हती. तिने कठडा सोडला.

"चप्पल घाल," थोरली तिला म्हणाली. "ओढणी घे. रिक्षा बघा हो कोणीतरी."

भावजी रुमाल खिशात कोंबून रिक्षा बघायला गेले. धाकटीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का हे विचारायला तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. तिला आत्याने वाढवलं, आणि आत्याही आता नव्हती. थोरली रिक्षात धाकटीला चिकटूनच बसली. निघताना मधलीकडे बघून तिने फक्त एवढंच विचारलं की गॅसवर काही ठेवून तर आली नाहीस ना.

रक्ताचा अहवाल आला. धाकटीला कांजिण्या कधीच आल्या नव्हत्या. तिला इंजेक्शन दिलं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की याने पुष्कळ संरक्षण मिळतं, पण खात्री कशाचीच देता येत नाही; आता काही आठवडे वाट बघायची, अंगावर रोज लक्ष ठेवायचं, आणि ज्यांना हे दुखणं होऊन गेलेलं नाही त्यांनी दूर राहायचं.

म्हणजे नातेवाईकांनी आता दुसरा जिना सोडला. आत्या धाकटीकडे येईनाशी झाली. मावशीचा गुडघा तसाच राहिला. थोरलीला आपलं काही आठवेना, म्हणून ती बिचारी रस्त्यात उभी राहून तासन्‌तास गॅलरीशी बोले. धाकटा रात्री घरी असे, पण दिवसभर खाली यंत्रापाशी. तिच्याजवळ दिवसा बसू शकेल असं माणूस एकच उरलं, आणि त्याच माणसाशी धाकटी बोलत नव्हती.

भर रस्त्यात, चहावाल्यासमोर आपल्याला खोटं पाडलं, हे तिच्या मनातून जाईना. मधलीने समजूत घातली नाही. मुंगीच्या खपल्या पडून ती शाळेत जायला लागली होती. मुंगी आईवरही रुसली होती, पण तो रुसवा चार दिवसांत भुकेपुढे हरला. मधलीने शिवणीचं टेबल धाकटीच्या खोलीत हलवलं. सकाळी ती यायची, मऊ भात नाहीतर भाजी खाली ठेवायची आणि शिवत बसायची. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडायची. दोघींच्या मधे सुईचा आवाज तेवढा.

याच दिवसांत एका सकाळी गोदामातून मधलीच्या नवऱ्याचा फोन आला की पाठीला काहीतरी खाजतंय. पळून गेला त्याच्या आधीच दुखणं त्याला लागून गेलं होतं. थोरले भावजी त्याचं ताट गोदामाच्या दाराशी ठेवून येत, रुमाल लावून. कोणावर पहारा, हे मुंगीने त्याला गोदामाच्या खिडकीतून परत विचारलं.

त्याला पुटकुळ्या आल्याचं कळलं त्या दिवशी धाकटी सारखी कूस बदलत होती. ती हात बघे, पोट बघे, पायाचे तळवे वळवून बघे. आरसा घेऊन मानेचा मागचा भाग बघायचा प्रयत्न करी. दुपारी ती उठून बसली.

"पाठ दिसत नाही मला," ती म्हणाली.

मधलीने सुई खाली ठेवली आणि तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. धाकटीने कुर्ता पाठीवरून वर केला. मधलीने घाई केली नाही. खांद्यापासून सुरुवात करून, बोट न टेकवता, ओळीओळीने वाचावं तशी ती कंबरेपर्यंत आली. एका ठिकाणी लाल दिसलं तिथे ती थांबली, वाकली, नीट पाहिलं. चादरीची घडी उमटलेली होती.

"आहे का काही?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"नीट बघितलंस?"

"परत बघते."

तिने वरपासून परत पाहिलं. मग कुर्ता खाली ओढून दिला. धाकटी पुन्हा आडवी झाली, या वेळी तोंड खोलीकडे करून. दुसऱ्या दिवशी मधली आली तेव्हा ती आधीच खिडकीकडे पाठ करून बसली होती.